पाहुण्यांसाठी झाडलेलं तळं

वऱ्हाडातून परतले आणि आमच्या चिपळूणच्या आळीतल्या बायकांनी विचारलं, "काय पाहिलंस एवढ्या लांब जाऊन?" मी सांगितलं, "झाडून काढलेलं तळं पाहिलं." त्यांना वाटलं, मी काहीतरी कौतुकाचं सांगते आहे. "बघा, नाहीतर आपल्याकडे!" म्हणून एकीने लगेच आमच्या नदीकाठच्या कचऱ्याचा उद्धार केला. मला पुढे बोलवेना. बोलता आलं नाही म्हणून हे लिहिते आहे.

तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर मला पक्षी मोजायचा नाद लागला. पक्षी बघणं वेगळं आणि मोजणं वेगळं. बघणाऱ्याला एक खंड्या दिसला की दिवस सार्थकी लागतो. मोजणाऱ्याला मात्र दुर्बिणीला डोळा लावून, मान अवघडून, "हे बदक मघाशी धरलं होतं की नाही?" अशी स्वतःशीच भांडणं करावी लागतात. मला भांडायला आवडतं, त्यामुळे जमलं.

या वर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मला अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावतळ्यावर बोलावलं होतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांची चूक नावानिशी चव्हाट्यावर मांडू नये, एवढी रीत मला कळते. त्या तळ्याचं काय करायचं हे ठरायचं होतं. एक बेत असा होता की काठाला दगड लावून, फरशी घालून, नावा सोडून बाग करायची. दुसरा असा की पाणपक्ष्यांसाठी ते आहे तसं राखायचं आणि सरकारदरबारी तशी नोंद करायची. नोंदीसाठी मोजणी हवी, आणि ती बाहेरच्या माणसाने केलेली हवी. गावच्याच माणसाने मोजलं तर त्याला कोण विचारतो! ती बाहेरची बाई म्हणजे मी.

अमरावती

मला न्यायला रफीकभाई आले होते. बार्शीटाकळीला त्यांचं गादीघर आहे. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हा तीन पिढ्यांचा धंदा. पन्नाशीचे, सडपातळ, आणि भुवयांवर कायम कापसाचा एखादा तंतू. सात वर्षं हा माणूस दर रविवारी त्या तळ्यावर जाऊन पक्षी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. कोणी सांगितलं नाही, कोणी शिकवलं नाही. गाव दोन वर्षं बागेच्या बाजूने होतं. एकेका घरी जाऊन, एकेकाला तळ्यावर नेऊन, या माणसाने गाव वळवलं होतं.

ते थेट धारणीहून आले होते. तिकडे एका लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या. "चार दिवस मोबाईलले रेंजच नाई ताई," ते म्हणाले. "दुनिया बुडाली असती तरी मले कळलं नसतं." त्यावर आम्ही दोघे हसलो.

राजापेठेत त्यांच्या बहिणीकडे सामान टाकलं. राजापेठेत रस्ता ओलांडणं म्हणजे शिकवणीच्या वर्गातून सुटलेल्या दुचाक्यांसमोर स्वतःला ओवाळून टाकणं. मी दोनदा माघारी फिरले. रफीकभाई मात्र हात वर करून शांतपणे चालत गेले आणि पलीकडून मला म्हणाले, "या ना, काही होत नाई." पलीकडे गिला वडा खाल्ला. वडा, वर दही, वर चटणी, आणि त्यावर मी नको म्हणत असताना आणखी चटणी. आमच्या कोकणात "घेणार का थोडं?" असं विचारतात आणि नको म्हटलं की सुटका होते. इथे नको म्हणणं हा संभाषणाचा आरंभ समजतात.

दुपारनंतर डोळे तयार करायला म्हणून आम्ही शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो. काय सांगू! काठाला पुरुषभर उंचीचं पाणकणीस, त्याची तपकिरी कणसं फुटून पांढरा कापूस उडत होता. त्या दाटीतून जांभळ्या पाणकोंबड्या लाल चोची पुढे करून, उंच टाचा घातलेल्या बायकांसारख्या जपून पावलं टाकत बाहेर येत होत्या. उघड्या पाण्यावर हळदीकुंकू बदकं होती. चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी लाल, म्हणून हे नाव. नाव ठेवणारी बाईच असणार. मी एक-एक बदक बोटावर मोजायला लागले.

"एक-एक काहून मोजून रायल्या ताई? संध्याकाळ होईन," रफीकभाई म्हणाले. "गादीले टाके घालतो ना आमी, तशा पाण्याले चौकटी पाडा. एका चौकटीतले मोजा, मंग पुढची चौकट. हललं पाखरू तरी चौकट हलत नाई."

मी तसं केलं. इतकी वर्षं पुस्तकं वाचून मोजणाऱ्या बाईला गादीवाल्याने एका वाक्यात शिकवलं. थोडा राग आला, पण मोजणी बरोबर आली.

त्यांचे वडील पाणकणसाचा हा कापूस उशांत भरत, असंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. गरिबाची उशी. "पण अब्बा कापत नव्हते. बोंड फुटलं की वरचेवर वेचायचे. खाली हात लावायचा नाई, खाली पाखरांचं घर हाय." रफीकभाई स्वतः त्या गावतळ्यावर पहिल्यांदा गेले ते वडिलांबरोबर कापूस वेचायला. पाखरं मागून आली.

बार्शीटाकळी

दुसऱ्या दिवशी अकोल्यावरून बार्शीटाकळीला पोचलो. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, फक्त माझी टोपी बसच्या खिडकीतून उडाली आणि तुरीच्या शेतात गेली. कंडक्टर म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, बुजगावण्याले कामी येईन."

संध्याकाळी मी तळ्याच्या गावच्या सरपंच कुसुमताईंना फोन लावला. त्यांच्याशी माझं आधी एकदाच बोलणं झालं होतं, आठवड्यापूर्वी. आम्ही अमुक दिवशी येतो आणि नोंद करणाऱ्या समितीतले एक साहेबही येणार आहेत, एवढा निरोप मी दिला होता. आता त्यांचा आवाज नुसता ओसंडत होता. "या जी ताई, या! सारं गाव वाट पाहून रायलं. आमी सगळं चकाचक करून ठेवलं."

"हळदीकुंकवाचा मांडव घातला असन," रफीकभाई खुशीत म्हणाले. त्यांनी वही काढली आणि गेल्या रविवारचं पान मला वाचून दाखवलं. अडई, शेंडी बदक, पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी, टिबुकल्या, जांभळ्या कोंबड्यांचं एक कुटुंब, पिल्लं चार. पिल्लांपाशी त्यांनी आवाज उगाच हळू केला. वहिनींनी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पाटवडीचा रस्सा वाढला. रस्सा खाऊन माझे कान तापले. असं जेवून मी निश्चिंत झोपले, याची आता लाज वाटते.

तळं

उजाडता उजाडता आम्ही त्यांच्या स्कूटरवरून तळ्यावर पोचलो. चढण चढून बांधावर आलो आणि रफीकभाईंनी स्कूटर बंद केली. ते उतरले नाहीत. दोन्ही पाय जमिनीला टेकून तसेच बसून राहिले.

समोर पाणी होतं. फक्त पाणी. काठ खरडून, चोपून सपाट केलेला. पाणकणसाची एक काडी शिल्लक नव्हती. काठावर माजणारी बेशरमीची झुडपं मुळासकट गेली होती. पाण्यावरची कमळाची पानं गोळा करून ढीग घातले होते. काठाने हाताहाताच्या अंतरावर दगड मांडून त्यांना चुना फासला होता. एका बाजूला जाळलेल्या गवताचा काळा पट्टा, त्यातून अजून बारीक धूर निघत होता. आणि बांधाच्या पायथ्याशी, सडा घातलेल्या जमिनीवर, भलीमोठी रांगोळी होती. रांगोळीत बदक काढलेलं होतं.

माझ्या हातातून दुर्बीण सुटली. गळ्यात दोरी होती म्हणून वाचली. मी आयुष्यात पुष्कळ मेलेली तळी पाहिली आहेत. सांडपाण्याने काळी झालेली, भराव घालून बुजवलेली. त्यांचा राग करता येतो, कारण तिथे कोणीतरी लबाड माणूस असतो. इथे मला रागवायला माणूसच सापडेना. मी खरोखर हबकले होते.

कुसुमताई धावत आल्या. चाळिशीच्या, उंच, नवी साडी, हातांवर कापल्याचे ताजे ओरखडे. पाणकणसाची पाती धारदार असतात. "पाहा बरं ताई! तीन दिस सारं गाव पाण्यात होतं. म्हातारे-कोतारे, बायामाणसं, सारे. एकानंबी घरी राह्यलं नाई."

"काहून?" रफीकभाईंनी विचारलं. एवढा एकच शब्द.

"काहून म्हंजे? ताईचा फोन आलता ना, साहेब येऊन रायले म्हून. पाहुणे येतीन आन् तळ्यात असा झाडझुडपाचा बुजबुजाट दिसन, तं गावाची काय इज्जत राहीन? तुमीच तं म्हणत होते, तळं गावाची शान हाय." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा आणखी खुलला. "आन् तुमच्यासाठी पाहा काय ठेवलं!"

झाडाखाली सहा पोती उभी होती, तोंडं सुतळीने शिवलेली. त्यांत पाणकणसाचा कापूस भरला होता. "दरसाल एक-एक बोंड वेचत बसता बिचारे. म्हटलं, कापलंच हाय तं सारा कापूस रफीकभाईले देऊ. दोन वर्षं उशा भरा."

रफीकभाई एका पोत्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुसुमताईंना वाटलं, त्यांना गहिवरून आलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी काही हसले नाही, आणि मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"काई चुकलं का ताई?"

मी सांगितलं. पाणकणसात जांभळ्या कोंबड्या राहतात, त्यात पिल्लं लपतात, पानांवर कमळपक्षी चालतात, शेवाळ आणि चिखल हे बदकांचं ताट आहे. मी रागाने सांगायला सुरुवात केली, पण राग टिकला नाही. तळं झाडायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? पाहुणा यायचा म्हटलं की आधी अंगण झाडायचं, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. तळं हे गावाचं अंगण. त्यांनी झाडलं. रफीकभाई इथे असते तर पहिल्या विळ्यालाच त्यांनी थांबवलं असतं. नेमके तेच चार दिवस ते धारणीला होते.

आम्ही मोजायला बसलो. चौकटी पाडल्या. एक चौकट रिकामी, दुसरी रिकामी. शेवटच्या चौकटीत दोन टिटव्या होत्या आणि उकरलेल्या चिखलातले किडे वेचायला आलेले गायबगळे. बस. रफीकभाईंनी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा मी त्यांच्या हातातून दुर्बीण काढून घेतली.

"ताई," कुसुमताई हळूच म्हणाल्या, "रविवारपर्यंत तं होते ना पाखरं. वहीत लिवेल हायेत. थेच लिहा ना कागदावर. कोणाले काय समजते?"

खरं सांगते, माझा हात त्या वहीकडे गेला. आकडे खरेच होते, फक्त तारीख आजची नव्हती. एवढ्याशा खोट्याने एक तळं वाचणार होतं. पण रफीकभाईंनी वही बंद केली आणि बंडीच्या आत घातली. "नाई. आज जे दिसलं थेच लिहा. उद्या कोणी येऊन पाह्यलं तं म्हणतीन, हा गादीवाला पह्यलेपासूनच खोटं लिहीत होता. मंग माह्या सात वर्षांची रद्दी होईन."

मी लिहिलं. टिटव्या दोन, गायबगळे अकरा.

दहा वाजता समितीतले साहेब आले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला, पण ते आधीच हात कमरेवर ठेवून तळ्याकडे बघत होते. "वा! किती स्वच्छ! असं गाव मी पाहिलं नाही. इतर गावांनी आदर्श घ्यावा." मी म्हटलं, "साहेब, इथे पक्षी उरले नाहीत." ते म्हणाले, "येतील हो. स्वच्छता असली की सगळे येतात." त्यांनी चुना लावलेल्या दगडांचे फोटो काढले आणि उभ्या उभ्या तालुक्यातल्या सरपंचांच्या ग्रुपवर टाकून दिले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली. कुत्रा आवरायला मात्र कोणी नव्हतं.

मग पंगत बसली. निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. हळद-कुंकू लावलं, तीळगूळ दिला. रोडगे इतके खमंग होते की मी दुसरा मागून घेतला. तेव्हा आचारी कौतुकाने म्हणाला, "जाळ चांगला धरला ना. गोवऱ्यांखाली वाळलेलं पाणकणीस घातलं, पटकन पेट घेते." तो घास मला गिळवेना आणि टाकवेना. माझ्या शेजारी रफीकभाईंनी पानाला हात लावला नव्हता.

शेजारचं गाव

याच फेरीत शेजारच्या गावचं आणखी एक तळं मोजायचं होतं, तीन कोसांवर, दुसऱ्या दिवशी. साहेब गेल्यावर कुसुमताईंचा फोन वाजला. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. फोन ठेवून म्हणाल्या, "तिकडचे सरपंच होते. म्हणे, फोटो पाह्यला, लय झकास. आमीबी लोक लावले तळ्यात. उद्या ताईले दाखवू."

 लगेच कुसुमताईंनी साडीचा पदर खोचला आणि ओरडल्या, "रफीकभाई, काढा गाडी!"

स्कूटरवर आम्ही तिघं. नियमाने चूक आहे, मला माहीत आहे. पोचलो तेव्हा काठावर ट्रॅक्टर उभा होता, पाण्यात तीसेक माणसं, हातात विळे, आणि स्पीकरवर गाणी. जवळजवळ अर्धा काठ कापून झाला होता. रफीकभाई हात वर करून थांबा थांबा म्हणत होते, पण गाण्यापुढे कोण ऐकतो! एक म्हातारा हसून म्हणाला, "काहून घाई करता भाऊ? रातच्याआधी सारं साफ करतो. आमी काय त्याइच्याहून कमी हाव का?"

कुसुमताई नव्या साडीनिशी सरळ पाण्यात शिरल्या. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. उरलेल्या पाणकणसासमोर त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि कापत येणाऱ्या बायकांकडे तोंड केलं.

"थांबा वं बायांनो! आमी करून बसलो, तुमी नका करू. आमच्या तळ्यात आज एक बदक नाई. चार पिल्लं होती जांभळीची. कुठी गेली, जळाली का बुडाली, कोणाले ठावं नाई. माह्याच हातानं झालं."

कोणीतरी स्पीकर बंद केला. बायका विळे खाली करून उभ्या राहिल्या. काहींना पटलं नाही, तसं दिसत होतं. एक म्हणाली, "मंग पाहुण्याले दाखवायचं काय?" कुसुमताई पाण्यातून म्हणाल्या, "हेच दाखवायचं. रान. जसं हाय तसं."

लोक काठावर आले, ट्रॅक्टर गेला. आम्ही बांधामागे गप्प बसलो. ऊन कलल्यावर, न कापलेल्या अर्ध्या भागातून एक लाल चोच बाहेर आली. रफीकभाईंनी वही उघडली. चौकटी पाडायला जागा थोडीच होती, पण होती. आम्ही मोजलं. अडई आली, टिबुकल्या आल्या. कापलेल्या बाजूला काहीच आलं नाही.

संध्याकाळी गादीघरात बसून मी दोन्ही तळ्यांचे फॉर्म पुरे केले. निकाल अजून आलेला नाही. बागवाल्यांना माझा कागद नक्की आवडेल, कारण पहिल्या तळ्याच्या फॉर्मवर लिहायला काही नव्हतंच. फॉर्मच्या शेवटी "पक्ष्यांना असलेले धोके" असा रकाना असतो. शिकार, सांडपाणी, अतिक्रमण, मासेमारीची जाळी, सगळे छापलेले. लागू असेल त्यावर खूण करायची. मी सगळे वाचले. एकही लागू नव्हता. शेवटी "इतर" होतं आणि पुढे एक रेघ. त्या रेघेवर मी लिहिलं, "मोजणीला माणसं येणार असल्याचा निरोप गावाला मिळाला." निरोप देणाऱ्याचं नावही लिहायला हवं असं मला वाटलं, म्हणून रेघेखाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.